कटरमावशी आणि रेडिओचे धागे

बसमध्ये मावशीच्या शेजारी बसायचं असेल तर आधी स्वतःच्या बाह्या बघून घ्याव्यात. म्हणजे बाई प्रेमळ आहे हो, सरकून जागा देईल, तुमची पिशवी मांडीवर घेईल, पण तुमच्या बाहीला एखादा धागा लोंबत असेल ना, तर संपलं. थोडा वेळ ती खिडकीबाहेर बघण्याचं नाटक करते, मग हळूच एक नजर, मग अजून एक, आणि मग तिला राहवतच नाही. पर्समधून तो छोटा कटर निघतो, चिमट्यासारखा, बोटांत मावेल एवढा, आणि कच्! "हं, आता बरं दिसतंय." एकदा रक्तदाब तपासणाऱ्या डॉक्टरच्या कोटाचा धागा तिनं असाच उडवला होता. डॉक्टर बिचारा पट्ट्यात हवा भरत होता, त्याचा हात थांबला. "आजी, हलू नका," म्हणाला. धागा कापल्याचं मावशीला काहीच वाटलं नाही, आजी म्हणाल्याचं मात्र घरी पोचेपर्यंत डोक्यात होतं.

ही खोड कारखान्याची. मावशीनं उमेदीची सगळी वर्षं कपड्यांच्या कारखान्यात घालवली आणि तिथं तिचं काम एकच, तयार शर्टांचे सुटे धागे कापायचे. शिवणारे शिवून मोकळे होतात, पण प्रत्येक शिलाईच्या टोकाला एक शेपटी राहते, ती कापणाऱ्या बायका वेगळ्या. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका, मधे शर्टांचा ढीग, आणि पंख्याच्या वाऱ्यानं धाग्यांचे तुकडे उडून डोक्यात, भुवयांत, जेवणाच्या डब्यात. कॉलर, बाही, कफ, बटणपट्टी, खालची दुमड, उलटा करा, परत कॉलर. एक जरी धागा राहिला तरी तपासनीस अख्खा गठ्ठा परत टाकायचा आणि वर सगळ्यांदेखत विचारायचा, "हा कुणाचा?" मावशीचा गठ्ठा परत आला नाही. वर्षानुवर्षं नाही. हे सांगताना अजूनही तिची मान ताठ होते.

मग यायला लागला. नजर कमी होत गेली, पांढऱ्या शर्टावरचा पांढरा धागा दिसेना. चष्मा बदलला, पुन्हा बदलला, शर्ट नाकाला चिकटवून बघायला लागली, शेजारणी गुपचूप तिचा गठ्ठा एकदा नजरेखालून घालायला लागल्या, पण असं किती दिवस चालणार? शेवटी तपासनीस, तिच्या मुलाच्या वयाचा पोरगा, तिला बाजूला घेऊन अगदी गोड आवाजात म्हणाला, "मावशी, खूप केलंत, आता आराम करा." गोड बोलला म्हणूनच जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं!

घरी आली आणि घरावर संक्रांत आली. पडद्यांच्या झालरी गेल्या, पायपुसणं टकलं झालं. काका, म्हणजे तिचे यजमान, आंघोळ करून आले तर टॉवेलची किनार गायब.

"अगं, ती किनारच तशी होती! विणलेली होती ती!"

"लोंबत होती."

"माझे केस पण लोंबतात, चार उरलेत, त्यांना तेवढं सोड."

काका हसण्यावारी न्यायचे, पण त्यांना दिसत होतं. हातांना काम नाही म्हणून बाई आतून कोमेजत चालली होती. त्यांनीच फोन केला तिच्या भाचीला. "तुझ्या मावशीला घेऊन जा कुठेतरी, नाहीतर हे घर कापून संपवेल ती."

भाचीचा मुलांसाठी चित्रांचा वर्ग होता, दर शनिवारी, एका जुन्या मोटार गॅरेजात. फरशीवरचे तेलाचे डाग निघाले नव्हते पण गाड्या आत जायच्या म्हणून दारात आयता उतार होता, आणि भाचीला तोच हवा होता, कारण तिच्याकडे येणाऱ्या काही मुलांच्या खुर्च्यांना चाकं होती. वर्ग सगळ्यांसाठी. ज्याला येता येईल त्यानं यायचं, जसं जमेल तसं करायचं. एका प्लंबरची जुळी पोरं यायची, ती रंग कमी लावायची आणि एकमेकांना जास्त. चाकाच्या खुर्चीतली एक मुलगी होती, तिला सगळे राणीसरकार म्हणायचे कारण ती हुकूम सोडल्याशिवाय बोलायचीच नाही. एका उंच मुलाला उजेड आणि गोंगाट सहन व्हायचा नाही, तो टेबलाखाली उताणा झोपायचा आणि टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर चित्र काढायचा. रंग त्याच्याच तोंडावर ठिबकायचा, तो खूश.

भाचीला सगळी मुलं ताई म्हणायची. ताईचा नियम एकच होता आणि तो तिनं मावशीला पहिल्याच दिवशी सांगितला. "मावशी, मुलांच्या कामाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. वाकडं असू दे, घाण होऊ दे, अर्धं राहू दे. त्यांनी मागितली तर मदत."

"मला काय कळतं गं चित्रातलं, मी कशाला हात लावू?"

आणि खरंच लावला नाही. बाटल्यांची झाकणं उघडून दिली, नाकं पुसली, पाणी बदललं, कागद कापून दिले तेही असे सरळ की ताई फूटपट्टी लावून बघायची आणि हसायची. तिला कटरमावशी हे नाव दिलं ते रेडिओनं.

रेडिओ म्हणजे आठ-नऊ वर्षांची पोर. जन्मापासून दिसत नाही आणि गॅरेजात पाऊल टाकल्यापासून निघेपर्यंत तोंड बंद नाही, म्हणून रेडिओ. नाव तिच्या आजीनं ठेवलेलं. पहिल्याच दिवशी कागद कापल्याचा आवाज ऐकून ती म्हणाली, "हे कोण कच् कच् करतंय? कात्रीचा आवाज नाहीये हा."

"कटर आहे बाळा. कारखान्यातला."

"दाखव." हातात घेऊन तिनं उघडझाप केली, कानाशी नेऊन केली. "तुझं नाव कटरमावशी."

तेव्हापासून ती मावशीच्या शेजारी बसायची. मावशीला पण तिची सवय झाली. शनिवारी सकाळी काकांच्या आधी तयार होऊन दारात उभी. काका म्हणायचे, "काय रेडिओ ऐकायला निघालीस?" आणि ही चक्क लाजायची!

रेडिओ त्या महिन्यात एक मोठं काम करत होती. ताईनं तिला जाड कापडाचा तुकडा दिला होता आणि एक टोपलीभर दोरे, लोकर, सुतळी, नायलॉन, रिबिनी. ती सुई न वापरता, कापडाला भोकं पाडून त्यातून दोरे ओवायची आणि खालच्या काठाला लोंबते ठेवायची. काय चाललंय ते कुणाला सांगायची नाही. एरवी सगळं जगाला सांगणारी पोर, पण यावर विचारलं की म्हणायची, "प्रदर्शनाच्या दिवशी."

कारण प्रदर्शन होतं. पुढच्या रविवारी, गॅरेजातच, सगळ्यांच्या घरचे येणार होते. त्याच्या नऊ दिवस आधी, शुक्रवारी, ताई दोऱ्या आणि चिमटे आणायला बाजारात गेली आणि जाताना मावशीला म्हणाली, "तेवढी सगळी कामं खोक्यांतून काढून टेबलावर मांडून ठेव."

मावशीनं मांडली. एकेक काढली, धूळ फुंकली, जुळ्यांचं चित्र टेबलाला चिकटलं होतं ते हळूच सोडवलं. आणि मग रेडिओचं कापड निघालं.

खालच्या काठाला ही एवढी झुंबड. एक धागा हातभर, एक बोटभर, एक सुतळी विसकटलेली, एक नायलॉन गुंडाळी झालेलं, एका लोकरीला गाठीच गाठी, कशाचा कशाला मेळ नाही. मावशीनं कापड उजेडाकडे धरलं. बिचारीला दिसत नाही, कुणी सांगितलंही नाही, आणि पुढच्या रविवारी हे सगळ्यांसमोर लागणार! लोक म्हणणार, पोरगी आंधळी म्हणून कुणी लक्षही दिलं नाही. "हा कुणाचा?" असं कुणीतरी विचारल्यासारखंच तिला वाटलं.

नियम तिला आठवला. नाही असं नाही. पण तिच्या हिशेबी धागे कापणं म्हणजे कामाला हात लावणं नव्हतंच मुळी. ते साफ करणं होतं, केर काढण्यासारखं. शर्ट शिवणाऱ्याला कुणी विचारतं का, की तुझे धागे कापू का? आणि एक गोष्ट अजून होती. इतक्या महिन्यांनी तिला धागे दिसत होते! जाड, रंगीबेरंगी, ठळक धागे. चष्म्याशिवाय दिसत होते. हात आपोआप चालले. कच्, कच्, कच्. काठ एका सरळ रेषेत आला, बोटभर उंचीचा, कारखान्यात शाबासकी मिळाली असती असा. तुकडे केरात गेले आणि केराच्या गाडीत गेले. मावशी गुणगुणत घरी गेली.

शनिवारी रेडिओ आली ती आधीच बडबडत. "मावशी, आज शेवटचा एक दोरा लावायचाय, मग झालं!"

"तुझं मी अगदी छान साफ करून ठेवलंय बघ," मावशी म्हणाली आणि कापड तिच्या हातात दिलं.

रेडिओनं कापड मांडीवर पसरलं. बोटं वरून खाली आली, काठाशी आली, आणि खाली हवेत गेली. परत वर आली. परत काठ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बोटं इतकी जोरात शोधायला लागली की टेबलावरची वाटी पडली.

"कुठे गेले?"

"काय बाळा?"

"आजी कुठे गेली? बाबा कुठे गेले?"

मावशीला काही कळेना. ताई धावत आली, कापड बघितलं, मावशीच्या तोंडाकडे बघितलं, आणि पोरीशेजारी खाली बसली. "रेडिओ, मला सांग काय होतं ते."

"आवाज होते," रेडिओ म्हणाली. "आमच्या घरातले." आणि मग तिनं सांगितलं, तुटक तुटक. प्रत्येक दोरा एकेकाचा आवाज. जितका लांब बोलणार तितका लांब दोरा. आईचा मऊ रिबिनीचा. दादाचा नायलॉनचा, घसरणारा, कारण तो पुटपुटतो आणि कळत नाही. आजीचा लोकरीचा, त्याच्या गाठी म्हणजे तिचा खोकला. बाबा लांब जहाजावर कामाला, त्यांचा आवाज फोनवरच येतो, तो सुतळीचा, आणि जिथे फोन कट होतो तिथे विसकटलेला. लोकांनी डोळे मिटून हात लावायचा आणि ओळखायचं.

मावशीच्या हातातून कटर खाली पडला. त्याचा आवाज झाला तशी रेडिओनं मान फिरवली. "तू कापलेस?"

"अगं मला वाटलं, राहून गेलेत..."

"तुला दिसतं ना?" रेडिओ म्हणाली. "मग?"

त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही. रेडिओ बंद! टेबलाखालच्या उंच मुलानं डोकं बाहेर काढून बघितलं की झालं काय. राणीसरकारनं तेवढा निकाल दिला. "कटरमावशी, तुमचा कटर जप्त." आणि कुणी हसलं नाही. रेडिओची आई घ्यायला आली तेव्हा पोर तिचा पदर धरून निघून गेली. दारात आईला म्हणाली, "मी परत नाही येणार."

मावशी घरी येऊन जेवली नाही. काकांनी काय काय विनोद केले, एकही चालला नाही. शेवटी तेच म्हणाले, "अगं जाऊन माफी माग की."

"काय तोंडानं जाऊ? अहो, गठ्ठा परत आला असता तर परत कापून दिला असता. हे काय परत जोडणार?"

"तिनंच सांगू दे ना काय करायचं ते. तू आधीच ठरवून कशी टाकतेस? हाच तर घोळ झालाय."

सोमवारी मावशी गेली. हातात एक मोठी पिशवी, सगळ्या दुकानांतून हिंडून घेतलेली लोकर, सुतळी, रिबिनी. रेडिओचं घर दोन खोल्यांचं, बाहेर पत्र्याचा जिना. आईनं दार उघडलं, लाँड्रीतल्या कामावरून नुकतीच आलेली, हातांना साबणाचा वास. पलंगावर आजी, आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून रेडिओ.

"कोण आलंय सांग बरं?" आई म्हणाली.

"कळलं. चप्पल ओळखली." तिनं तोंड वळवलं नाही.

मावशी जमिनीवरच बसली. पिशवी पुढे सरकवली. "तुझ्यासाठी दोरे आणलेत."

"मला नकोत."

"अगं, मावशींशी असं बोलतात का?" आई शरमली.

"बोलू दे," मावशी म्हणाली. "बरोबर बोलतेय ती."

पलंगावरून आजीनं विचारलं, "काय झालं काय पण? मला कुणी धड सांगेल का?" मग मावशीनंच सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. आजी ऐकत होती, ऐकता ऐकता तिला खोकला आला, खोकता खोकता हसायला यायला लागलं. "म्हणजे माझा खोकला कापलास होय तू? बाई, उपकार झाले! एवढ्या बाटल्या रिचवल्या, डॉक्टरला जमलं नाही ते तू केलंस!"

"हसू नकोस आजी!" रेडिओ किंचाळली आणि मग तिचा बांधच फुटला. तिला रडताना बघून मावशीचाही फुटला. दोघी दोन कोपऱ्यांत हमसून हमसून रडतायत, मधे आजी खोकतेय, आई पाण्याचा तांब्या घेऊन आधी कुणाला द्यावं म्हणून उभी, आणि तेवढ्यात फोन वाजला. बाबांचा. आईनं स्पीकरवर टाकला. "काय गं चिमुरडे, झालं का तुझं ते... हॅलो... मी म्हटलं झालं का... ऐकू येतं..." आणि खर्र खर्र, आणि कट.

मावशीनं त्या खरखरीकडे कान लावला. हीच ती सुतळी. इथेच विसकटलेली. आणि आपण ती बोटभर ठेवली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "राहून गेलंय असं वाटलं म्हणून नाही गं चुकलं. तुला विचारलं नाही, ते चुकलं. तू काय करतेयस ते विचारायचं सुचलंच नाही मला. मी नुसतं नीट केलं."

रेडिओनं बाहीला नाक पुसलं. मग म्हणाली, "मी विचार करीन."

"कर."

"पिशवी ठेवून जा. पण मी विचार करीन."

आठवडा कसा गेला ते मावशीलाच ठाऊक. शुक्रवारी ताईला तिनं सांगून टाकलं, "मी उद्या येत नाही. मला बघून पोर परत फिरायची." ताई चिडली. "नाही यायचं म्हणजे? ती आली आणि तू नसलीस तर?" मग मावशी आली. कटर घरीच ठेवून आली, आणि ओठ घट्ट मिटून बाटल्या धुत बसली. मुलं आली, जुळी आली, राणीसरकार आली. वर्ग सुरू झाला. बाहेर गाडी थांबली की मावशीचा हात पाण्यात थांबायचा.

उशिरा, खूप उशिरा, उतारावर ओळखीची काठी टकटकली. रेडिओच्या गळ्यात तीच पिशवी.

ती सरळ आपल्या जागेवर गेली, कापड मागून घेतलं आणि कामाला लागली. ताई म्हणाली, नवं कापड देऊ का? ती म्हणाली, "नको. हेच." उरलेली बोटभर टोकं काढू का? "अजिबात नाही. त्यांनाच जोडणार." आणि मग थोड्या वेळानं, कुणाकडेही तोंड न करता, "मावशी, इकडे बस. पण हात मांडीवर."

मावशी बसली. शाळेतल्या पोरीसारखी हात मांडीवर. रेडिओ नवी लोकर जुन्या टोकाला बांधत होती, गाठ घट्ट बसेना. "हे टोक धर. ओढू नको. नुसतं धर."

मावशीनं धरलं. उभ्या जन्मात तिनं दोरा कापायलाच धरला होता, बांधायला कधी नाही.

"आता तू बांध ही. आजीचा खोकला. सात-आठ खोकले बांध."

मावशीनं बांधले. रेडिओनं तपासले, एकेक गाठ चिमटीत धरून, अगदी त्या तपासनिसासारखी. "ही सुटेल. ही पण. मावशी, तुला गाठ मारता येत नाही?"

"नाही गं. शिकव."

मग शिकवलं. आणि शिकवता शिकवता रेडिओ हळूहळू सुरू झाला. आधी नुसती खरखर, "असं नाही, असं," मग आजी परवा काय म्हणाली ते, मग दादाची चोरी कशी पकडली ते. एका ठिकाणी सुतळीचा एक केसासारखा तंतू बाजूला निघाला होता. मावशीनं बघितला. बघतच राहिली. तिची बोटं मांडीवरून अगदी तसूभर उचलली गेली.

"मावशी."

"काही नाही केलं मी!"

"हललीस तू."

टेबलाखालून उंच मुलगा खिदळला. मावशीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

सगळे आवाज परत लागले तेव्हा मुलांची निघायची वेळ झाली होती. मावशीच्या मनात एक वेडी आशा होती, तोंडातून कशी काढावी कळत नव्हतं, तरी काढलीच. "माझा आवाज नाही का गं यात?"

"नाही," रेडिओ म्हणाली. "हे आमच्या घराचं आहे. तू आमच्या घरी राहतेस का?"

"नाही बाई."

"मग?"

मावशीला हसू फुटलं, इतकं की डोळ्यांतून पाणी आलं. बरोबरच होतं पोरीचं. सोळा आणे बरोबर.

ताईनं भिंतीला दोरी ताणून ठेवली होती, एकेक काम चिमट्यांनी टांगत होती. रेडिओ कापड घेऊन उभी राहिली. दोरी उंच होती, तिचा हात पोचेना. ताई हात पुढे करत होती, पण रेडिओ म्हणाली, "मावशी लावेल. मावशी, हात दाखव."

मावशीनं दोन्ही तळवे पुढे धरले. रेडिओनं ते चाचपले, उलटे केले, बोटांच्या मधे बघितलं, मग पदर, मग पर्स, मग चष्म्याचं घरसुद्धा उघडून बघितलं. गॅरेजात सगळे थांबले होते.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि कापड दिलं.

मावशी कापड दोन्ही हातांवर घेऊन भिंतीकडे निघाली. धागे तिच्या मनगटांवरून, कोपरांवरून खाली सुटले, आजी गुडघ्यापर्यंत, आई त्याच्याही खाली, आणि बाबांची सुतळी तर पार फरशीला लागून तेलाच्या डागांवरून फरफटत येत होती. तिनं ती गोळा केली नाही. जशी येतेय तशी येऊ दिली.